सतरा पायऱ्या

"फुटली," मी म्हणाले.

"वाढली," आईने दुरुस्त केले आणि मनगटावरची काच झटकली. "कासाराच्या घरात जन्मलीस ना गं? लोकांच्या दारात असं बोललीस तर चुडा राहील बाजूला, आधी आपल्यालाच उंबऱ्याबाहेर काढतील."

काच डोळ्यांदेखत जमिनीवर पसरलेली असली, तरी आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही. ती वाढते. त्या सकाळी अकरा वाढल्या होत्या.

अण्णा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"किती झाल्या?" त्यांनी न वळता विचारले.

"अकरा."

"वाढ चांगली आहे," अण्णा म्हणाले.

ही गोष्ट १९९३ च्या जूनमधली, करमाळ्याची. पुढे बांगड्यांचे दुकान, मागे दोन खोल्यांचे घर. मी अठरा वर्षांची होते. पंधरा दिवसांपूर्वी, माझा बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी, अण्णा सायकलवरून पडले होते. कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून ते घरी आले तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि डाव्या हातात धुळीने माखलेला पेपर होता. "पास झालीस," ते म्हणाले, "नंबर आहे," आणि मग ओट्यावर बसून कळवळले. पेढे आधी आणावेत की हळदीचा लेप आधी लावावा हे आईला कळेना. तिने पेढे आणले आणि वाटेत हाडाच्या डॉक्टरकडे नंबर लावून आली.

"वेशीजवळ शेळी आडवी आली," अण्णा प्रत्येकाला सांगत.

"शेळी आली म्हणायचं म्हणजे बरं असतं," आई आतून म्हणे. "शेळी काही साक्ष द्यायला येत नाही."

हात मोडला तो ऐन लग्नसराईत. बाकीची गिऱ्हाइके दुकानात येऊन हव्या त्या मापाच्या बांगड्या घेऊन जात, घरी जाऊन आपापल्या भरत. पण बोरखेड्याच्या गायकवाडांची कुंदा नवरी होती. नवरीचा हिरवा चुडा कासारानेच भरायचा असतो, आणि त्या घरातल्या प्रत्येक नवरीचा चुडा चार पिढ्या आमच्याच घरातल्या माणसाने भरला होता. आई गल्ल्यावर बसे, पण तिने कधी कुणाचा हात भरला नव्हता, आणि अण्णांना आपल्या बदली पाठवायला दुसरा मोकळा कासार मिळत नव्हता. त्यातच एसटी स्टँडजवळच्या नव्या दुकानदाराने गायकवाडांना परस्पर निरोप धाडला होता, तुमच्या कासाराचा हात मोडलाय म्हणे, आम्ही येऊ का. ते घर गेले असते तर त्या वाटेवरची सहा गावे त्याच्यामागोमाग गेली असती. अण्णांनी उलटा निरोप पाठवला: दुसऱ्या कुणाला बोलवू नका, गुरुवारी माझी मुलगी येईल.

निरोप गेल्यावर त्यांनी हे मला सांगितले. तेव्हा सोमवार होता.

मी घाबरले नाही, हे आता आठवले की हसू येते. तालुक्याच्या वाचनालयातली दोन कपाटे मी संपवली होती आणि लिहून काढता येते ते सगळे शिकता येते असा माझा पक्का समज होता. पोहायला मी पुस्तकातून शिकले होते. हातपायांच्या हालचाली मला तोंडपाठ होत्या, फक्त विहिरीत उतरले की मी बुडत असे. सायकल अशीच शिकले होते. भाकरीची कृती तर माझ्या वहीत आकृतीसह होती आणि माझी भाकरी तव्यापर्यंत कधी एका तुकड्यात गेली नव्हती. पण दोष कृतीत राहिला असणार, आणखी नीट लिहायला हवे होते, असे मला दर वेळी वाटे.

म्हणून सोमवारी संध्याकाळी मी शंभर पानी वही घेऊन बसले. लहानपणापासून अण्णांच्या मागे बसून त्यांना हजारो हात भरताना पाहिले होते. ते सगळे आठवून, विभागून, क्रमवार लिहिले. सतरा पायऱ्या झाल्या. पायरी चार, अंगठा तळहाताकडे दुमडणे. पायरी नऊ, बांगडी करंगळीच्या बाजूने तिरकी पुढे सरकवणे. पायरी सतरा, मनगटावर आल्यावर सोडणे. मी ते अण्णांना वाचून दाखवले. त्यांनी मान डोलावत ऐकले.

"बरोबर आहे?" मी विचारले.

"असेल," अण्णा म्हणाले. "मी कधी मोजलं नाही."

मंगळवारी सकाळी आईचे हात सरावाला घेतले, आणि अकरा वाढल्या.

"जरा हळू," अण्णा ओट्यावरून सांगत.

"हळू म्हणजे किती हळू?"

"ते हाताला कळतं."

"कुणाच्या हाताला? माझ्या की गिऱ्हाइकाच्या?"

अण्णा विचारात पडले. "दोघांच्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बहुतेक."

मी ते वहीत लिहून घेतले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

दुपारपर्यंत वही दुरुस्त करून पायऱ्या एकोणीस झाल्या. आईच्या डाव्या मनगटावर तीन ओरखडे उमटले आणि चौथ्यावर रक्ताचा थेंब आला. तिने हात काढून घेतला.

"हा हात आहे, पाटी नाही. पुसली आणि पुन्हा लिहिली असं व्हायला. संध्याकाळी पीठ कोण मळणार, तू?" आणि तिने ते ओरखडे अण्णांच्या पुढे धरले. "अहो, अजून वेळ आहे. स्टँडवाल्याला जाऊ द्या यंदा. पोरीची आणि तुमची दोघांचीही शोभा होईल."

 अण्णांनी झोळीतला हात डाव्या हाताने जरा वर उचलून धरला आणि रस्त्याकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी केरसुणी घेऊन काच गोळा करायला लागले.

"वैजू," काही वेळाने त्यांनी हाक मारली. "इकडं ये. डावा हात दे."

"तुम्ही एका हाताने कसं भरणार?"

"अर्धं मी करतो, अर्धं तू कर. एक हात माझा, एक तुझा."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. त्यांनी आपल्या डाव्या हातात माझा डावा हात घेतला. माझ्या उजव्या हातात बांगडी. मी वही मांडीवर उघडी ठेवली होती. पायरी चार, पायरी पाच, पायरी सहा. कट्.

"वाढली," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"वही ठेव तिकडं," अण्णा म्हणाले.

ठेवली. दुसरी बांगडी घेतली. मी त्यांच्या अंगठ्याकडे टक लावून बघत होते. ती पण गेली.

"बघू नकोस."

"मग काय करू?"

"डोळे मीट. तू बघितलंस की तुला लिहावंसं वाटतं. कपाळावर दिसतं ते."

आई आत हसली. मी डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर पहिल्यांदा जाणवला तो त्यांचा हात. काचेने घासून घासून कडक झालेला अंगठा, आणि त्यामानाने तळहात किती मऊ. त्यांनी माझे बोट ओढले नाही की दाबले नाही. नुसते धरून थांबले. कशाची वाट बघतात ते मला कळेना.

"ती वाचनालयातली बाई," अण्णा म्हणाले, "अजून दंड लावते का गं तुला?"

"कुठला दंड? उलट आता त्या मला चार पुस्तकं नेऊ देतात. दोन त्यांच्या स्वतःच्या—"

आणि मी बोलत असताना माझा हात सैल पडला. तो मी सैल सोडला नव्हता, आपसूकच पडला. त्याच क्षणी अण्णांची बोटे मिटली आणि माझ्या तळव्यातली सगळी हाडे छत्री मिटावी तशी एकापाठी एक जवळ आली. जराही दुखले नाही. आता बांगडी ढकलायची म्हणून मी उजवा हात पुढे नेऊ लागले.

"हलवू नको," अण्णा म्हणाले. "नुसती धर. भिंतीतल्या खिडकीसारखी."

मी बांगडी धरून राहिले. माझा हात त्यांच्या हाताबरोबर निघाला. सांधे काचेला एकेक करून भेटले, अंगठ्याचा उंचवटा जरा अडला, अण्णांनी तो किंचित फिरवला, आणि हात बाहेर आला. मी डोळे उघडले तेव्हा बांगडी मनगटावर होती.

"अण्णा, बांगडी हलतच नाही."

"काय?"

"बांगडी जागेवर राहते. हात तिच्यातून जातो. मी एकोणीस पायऱ्या लिहिल्या, आणि माझ्या वहीत बांगडीच पुढं सरकतेय!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मनगटाकडे. आईला हाक मारून बाहेर बसवले, तिचा हात आपल्या डाव्या हातात घेतला, बांगडी माझ्या हातात दिली आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. बांगडी बसली. ते तसेच डोळे मिटून दोन क्षण बसून राहिले.

"अगं, खरंच की," ते म्हणाले. "हातच जातो. पस्तीस वर्षं भरतोय मी, मला आज कळलं."

"छान," आई म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं आंधळेपणानंच चाललं होतं."

"डोळे उघडे ठेवून," अण्णा म्हणाले आणि इतके हसले की झोळीतला हात दुखला.

बुधवारी मी डोळे मिटूनच बसले. आधी अण्णा माझा हात भरत आणि मी तो आतून ओळखून घेई. मग मी आईचा हात धरे, आणि माझ्या हातात आला तो धरण्याचा जोर अण्णांचाच आहे असे मला वाटे. दिवसभरात चारच वाढल्या. वहीची आठवण मला झाली नाही. संध्याकाळी एका बाईला डझनभर बांगड्या बांधून देताना अण्णांनी कागदासाठी हात लांबवला आणि वहीची दोन पाने फाडली. माझ्या पायऱ्या एक ते नऊ कुठल्या घरी गेल्या, मला माहीत नाही.

गुरुवारी गायकवाडांनी ट्रॅक्टर पाठवला. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे ट्रॉलीत पेटी मांडीवर घेऊन. बोरखेड्याला त्यांच्या अंगणात मांडव पडला होता आणि सतरंजीवर बावीस बायका आपापले हात घेऊन बसल्या होत्या. मध्यभागी नवरी मुलीची आत्या, तानूआत्या. तिने अण्णांच्या झोळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"कासारदादा, हीच का?"

"हीच."

"शिकलेली दिसती."

"बारावी पास," अण्णा छाती काढून म्हणाले.

"ते नव्हं इचारलं. भरायला शिकली का?"

"हात देऊन बघा."

"मग माझाच घ्या आधी. वाईट झालं तर माझ्या हातावर होऊ दे, नवरीच्या नको," तानूआत्या म्हणाली आणि पुढ्यात येऊन बसली.

आत्याचा हात खुरप्याने घट्ट झालेला होता. मी बांगडी घेतली. बावीस बायका बघत होत्या म्हणून मीही बघितले. कट्.

मी तुकडे उचलून बाजूला ठेवले.

"वाढली," मी म्हणाले.

"वाढू दे की," तानूआत्या म्हणाली. "पण एकूण किती वाढवणार ते सांगून ठेव. जादाच्या आणल्यात का बघाय नको?"

बायका हसल्या. मी अण्णांकडे पाहिले. ते माझ्या शेजारी येऊन टेकले. त्यांनी काही सूचना केली नाही, फक्त आपले डोळे एकदा मिटून उघडले.

मी मिटले.

"आता झोप काढती का काय पोरगी!" मागून कुणी तरी म्हणाले.

"तिला असंच दिसतं," अण्णा म्हणाले. "बरं आत्या, मला एक सांगा. तुमच्या लग्नात माझ्या बापानं चुडा भरला, तेव्हा तुम्ही रडून मांडव डोक्यावर घेतला होता म्हणे. खरं का?"

"मी? कोण म्हणतं? रडत हुता तो माझा नवरा, घोड्यावरनं पडला म्हणून—"

आत्याचा हात सैल पडला. मी बोटे मिटली, बांगडी जागेवर धरली आणि हात तिच्यातून आणला. मग दुसरी. मग तिसरी. आत्या नवऱ्याला घोड्यावर परत बसवेपर्यंत तिचे दोन्ही हात भरून झाले होते.

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. अण्णांना आयुष्यभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारताना मी ऐकत आले होते, आणि वहीत त्यातले एक अक्षरही घेतले नव्हते. मला त्या धंद्याच्या मधल्या रिकाम्या गप्पा वाटल्या होत्या.

नवरीचा हात सगळ्यांत अवघड निघाला. कुंदा तालुक्याच्या कबड्डी संघात होती. डाव्या अंगठ्याचा सांधा जुन्या दुखापतीने फुगलेला, आणि हात धरला रे धरला की तिची मूठ आपोआप आवळली जाई.

"सवय आहे हो," ती ओशाळून म्हणाली. "कुणी धरलं की मी सोडवूनच घेते."

"अगं, सासरी काय करशील मग?" मागून आवाज आला, आणि लाजून तिने ती आणखी आवळली.

चुडा दोन सहाच्या मापाचा. त्याहून मोठा घेतला तर कोपरापर्यंत वर जाईल. यातली एकही वाढून चालणार नव्हते. त्याला लोक अपशकुन म्हणतील, आणि उद्या करमाळ्यात पोरीने चुडा भरला नि कसा भरला याचीच चर्चा होईल. मी डोळे मिटले. हात धरला. दगड धरल्यासारखे वाटले. मी थांबले. अण्णाही थांबले. मग ते बोलले.

"कुंदा, एक विचारू? तिघींनी मिळून धरलं तर सुटायचं कसं गं? ओढून?"

"ओढून कुणी सुटत नाही, अण्णा," कुंदा म्हणाली. "ओढलं की त्या आणखी घट्ट धरतात. आधी अंग सोडून द्यायचं. हरली असं वाटू द्यायचं त्यांना. त्यांची पकड जरा ढिली झाली की मग..."

ती सांगत होती आणि तिचा हात ते ऐकत होता. मी बोटे मिटली. फुगलेला सांधा काचेला लागला, मी तो जरासा फिरवला, आणि पहिली बांगडी मनगटावर आली.

उजव्या हातात अकरा, डाव्यात बारा. कुंदा अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला पोचली तेव्हा मी डोळे उघडले. खाली एकही तुकडा नव्हता.

चुडा भरून झाला की नवरी कासाराच्या पाया पडते. ती त्याला बापाच्या जागी मानते. कुंदा उठून अण्णांपुढे वाकली. अण्णांनी पाय मागे घेतले.

"मला नाही. जिनं भरला तिला."

"अहो, मी हिच्याहून लहान आहे!" मी म्हणाले.

"आज नाहीस," अण्णा म्हणाले.

कुंदा वाकली. हातातल्या तेवीस बांगड्या माझ्या पावलांपाशी किणकिणल्या. मला आशीर्वाद काय द्यायचा ते आठवेना, म्हणून मी "पकड सोडू नका" असे काही तरी बोलले. मांडव हसला. खण-नारळ माझ्या ओटीत घालताना तानूआत्या अण्णांना म्हणाली, "दादा, हात बरा झाला तरी फुडच्या टायमाला हिलाच घिऊन या. तुम्ही आपलं नुसतं बोलाय या."

पुढे मी कासारकी केली नाही. बार्शीला शाळेत शिकवते. पण त्या आठवड्यानंतर कुठलीही नवी गोष्ट शिकताना मी आधी वही उघडली नाही. गाडी शिकले, पोहायला खरोखर शिकले, भाकरी जमली, सगळे आधी हाताने आणि मग शब्दांनी. वर्गात एखादी मुलगी अडली की मी फळ्यावर तेच पुन्हा लिहीत नाही. तिच्या हातात काही तरी देते आणि शेजारी बसते.

अण्णा गेल्या कार्तिकात गेले. घरात जमलेल्या बायकांनी आईच्या मनगटांकडे पाहिले, आणि एकीने हळूच विषय काढला.

"त्या माणसानं जन्मभर भरायचं काम केलं," आई म्हणाली. "त्याच्या नावानं मी फोडायच्या?"

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. पुन्हा कुणी विषय काढला नाही.

फाल्गुनात मी सुट्टीला करमाळ्याला गेले होते. सकाळी आईने बादली उचलली आणि कडीला लागून आवाज झाला.

"वैजू, एक वाढली गं," तिने हाक मारली.

मी पेटी खाली काढली. हिरवी, दोन चारची. आईच्या हाताचे सांधे आता सुजलेले असतात. आम्ही ओट्यावर समोरासमोर बसलो. मी तिचा डावा हात घेतला, बांगडी तिच्या उजव्या हातात दिली.

"नुसती धर. हलवू नको."

"मला शिकवू नकोस. मी त्यांची बायको आहे."

मी डोळे मिटले. हात ताठ होता. मी थांबले. ती थांबली. रस्त्यावरून एक सायकल गेली. बोलायचे काम ज्यांचे, त्यांची जागा माझ्या शेजारी रिकामी होती, आणि आई त्याच बाजूला बघत असणार हे मला न बघता कळत होते.

"आई," मी म्हणाले, "त्या वर्षी अण्णा पडले, तेव्हा खरंच शेळी आडवी आली होती का गं?"

"कसली शेळी!" आई म्हणाली. "स्टँडवर पेपर घेतला आणि तिथंच बघायचा की नाही? नाही. सायकल चालवत, पेपर हँडलवर पसरून, तुझा नंबर शोधत निघाले. सापडला आणि दोन्ही हात सोडले! वर मला शपथ घातली, वैजूला सांगू नको, तिला वाटेल तिच्यापायी मोडला. आणि काय गं, नंबर तरी धड बघावा, आधी दुसऱ्याच कुणाचा बघून—"

ती हसत होती. मी बोटे मिटली आणि हात आणला.